विमानाच्या पायावरची कडी

दसरा जवळ आला की मला खाज सुटते. खरीखुरी, मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतलं भुसकट, हवेत असतं ना, त्याची. या दिवसांत आमचं सगळं जानेफळ गाव त्या भुऱ्या धुळीखाली असतं. वाळत घातलेल्या कपड्यांत ती, पाण्याच्या माठावरच्या फडक्यावर ती, भाकरीच्या पिठातही तीच असणार. वर्गात पोरं खाजवतात आणि मी फळ्याकडे तोंड करून खाजवते. आश्विनातलं ऊन म्हणे सोनेरी असतं. असेल बापा! मला तर ते चावतं.

थ्रेशरची घरघर सकाळी सुरू होते आणि दिवसभर कानात बसते. पूर्वी मी ती ऐकतही नव्हते, कारण घराला लागूनच आमचं वर्कशॉप आणि तिथला ठोकाठोकीचा आवाज थ्रेशरच्या वर असायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं काम. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, एका वेल्डिंग मशीनवर उभं केलेलं. त्यांचा मुलगा प्रमोद, माझा नवरा, त्यांना आबा म्हणायचा आणि गावही आबाच म्हणायचं. या उन्हाळ्यात मामाजी गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला दसरा, आणि थ्रेशर मला पहिल्यांदाच इतकं मोठ्यानं ऐकू येतंय.

सोयाबीनच्या दिवसांत ट्रॉलीवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. कोणाचा हूक तुटलेला, कोणाचा एक्सल वाकलेला, आणि प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता पाहिजे, कारण मळलेला माल शेतात उघडा पडलेला. मामाजी सगळ्यांना शिव्या घालायचे आणि सगळ्यांचं काम करून द्यायचे. नवी ट्रॉली तयार झाली की मात्र त्यांचा एक शिरस्ता होता. शेवटचा टाका त्यांचा. ट्रॉलीच्या तोंडाशी ते स्वतःच्या हातानं एक छोटी लोखंडी कडी वेल्ड करायचे, लिंबू-मिरची बांधायला. कारागीर कितीही जुना असो, कडीला हात लावायचा नाही. ती कडी बसली म्हणजे आबांनी काम पाहिलं, ठोकून-वाजवून पाहिलं, पास केलं. कडीशिवाय ट्रॉली फाटकाबाहेर जायची नाही. मेहकरच्या बाजारात उभ्या असलेल्या ट्रॉल्यांत मी अजूनही त्या कड्या ओळखते. किंचित डावीकडे कललेल्या असतात.

अशा घरात प्रमोदनं विमान बनवायला घेतलं.

हसू नका, सगळं गाव हसून झालंय. एका माणसाला बसता येईल असं, ॲल्युमिनियमच्या पाइपांचं आणि ताणून बसवलेल्या कापडाचं छोटं विमान. नकाशे परदेशातून मागवलेले, इंजिन कोणाकडून तरी जुनं घेतलेलं. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये ते तीन-चार वर्षं हळूहळू वाढत गेलं. मला रस्त्यात बायका विचारायच्या, काय मास्तरीणबाई, आता शाळेत विमानानं जाता का? मी म्हणायची, हो, आणि तुमच्या गच्चीवर उतरते, पापड उचलून ठेवा. वरून असं बोलायची आणि आतून मला त्याचा अभिमान वाटायचा. दिवसभर ट्रॉल्यांवर राबलेला माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन त्या शेडमध्ये जायचा तेव्हा त्याची चालच बदलायची.

मामाजींना ते सहन व्हायचं नाही. त्यांना राग विमानाचा नव्हता, असं मला आता वाटतं. आपल्याला न विचारता, आपल्याला न येणारं काहीतरी पोरगं आपल्याच छपराखाली करतंय, याचा होता. "विमानच पाह्यचं असंन त आभायात पाय ना बे, फुकट हाय," असं एकदा म्हणाले आणि त्यानंतर त्या शेडकडे फिरकलेच नाहीत. जाता-येता मान दुसरीकडे. चहा पिताना विषय निघाला तर कप अर्धा ठेवून उठायचे. इतकी वर्षं एका भिंतीपलीकडे काम चाललेलं आणि त्यांनी एक शब्द विचारला नाही की लेका हे कशाचं बनवलंस, ते कसं जोडलंस. आणि प्रमोदही बापासारखाच, आपणहून सांगेल तर शपथ.

विमान म्हटलं की लोकांना पंख दिसतात. प्रमोदचा सगळा जीव मात्र चाकांच्या पायांत होता. लँडिंग गिअर म्हणायचा तो. मामाजींच्या तोंडी 'तंगड्या'. तो मला समजावून सांगायचा की हवेत काही होत नाही, जे काय व्हायचं ते जमिनीला टेकताना होतं. सगळं वजन एका क्षणात त्या दोन पायांवर येतं. पाय ताठ असले की ते नाही मोडणार, वरचा सांगाडा मोडेल. म्हणून पाय वाकले पाहिजेत आणि परत सरळ झाले पाहिजेत. त्यासाठी त्यानं पोलादी कमानपाटे घेतले, ट्रकच्या चाकांवर असतात त्या जातीचे, पण घासून घासून पातळ आणि निमुळते केलेले. त्यांना बाहेरगावाहून नीट पाणी देऊन आणलं, म्हणजे तापवून, थंड करून त्यांच्यात तो लवचिकपणा भरून आणला. मग पांढरा रंग दिला. रंग दिल्यावर ते इतके साधे दिसायला लागले की कुणालाही वाटावं, आपल्या ट्रॉलीचीच लोखंडी पट्टी आहे.

माळावर मुरूम दाबून एक पट्टी केली होती. परवानगी यायची होती, तोवर नुसतं जमिनीवर पळवायचं. प्रत्येक वेळी पळवण्याआधी आणि पळवून आल्यावर प्रमोद विमानाखाली उताणा पडायचा. फडक्यानं पाय पुसायचा, वरपासून खालपर्यंत बोट फिरवायचा, डोळे मिटून. टायरची हवा, ब्रेक, एक्सलच्या टोकाची पिन. प्रत्येक नटावर आणि त्याच्या बोल्टवर मिळून त्यानं लाल रेघ ओढली होती. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. त्यासाठी त्यानं माझी नेलपॉलिश नेली होती. लग्नातली बाटली, मी कधी उघडलीही नव्हती. मी म्हटलं, जाऊ द्या, माझ्या नाही तर तुमच्या नटांच्या नशिबात होती. तो खाली पडल्या पडल्या हसला. त्या हसण्याचा आवाज मला हवा तेव्हा आठवता येत नाही, नको तेव्हा येतो.

विमान असं जमिनीवर पळायला लागलं त्या साली पाऊस वेळेवर थांबला होता, सोयाबीन छान भरली होती आणि दसऱ्याच्या सकाळी हवेत गारवा होता. वर्कशॉपमधली सगळी हत्यारं रात्रीच धुऊन मांडलेली. दसऱ्याला आमच्याकडे एक कडक नियम आहे. हत्यारांची पूजा झाली, हळदी-कुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, की त्या दिवशी एकाही हत्याराला हात लावायचा नाही. म्हणून काही किरकोळ राहिलं असेल तर ते पहाटेच उरकून घेतात. मी अंगणात सडा टाकत होते आणि मागच्या शेडमध्ये वेल्डिंगचा निळा उजेड चमकला. मला वाटलं प्रमोदच असेल. पण प्रमोद तर माझ्यामागे मोरीपाशी दात घासत उभा होता.

आम्ही दोघं गेलो. मामाजी विमानापाशी उकिडवे बसले होते, हातात वेल्डिंगचा होल्डर. विमानाच्या डाव्या पायावर, वरच्या अंगाला, त्यांनी एक कडी लावली होती. बाकी सगळं विमान ॲल्युमिनियमचं नि कापडाचं, लोखंड दिसलं ते तेवढंच, म्हणून तिथे. कडी गार होण्याआधीच ते तिच्यात लिंबू-मिरचीचा दोरा ओवायला लागले होते. आमच्याकडे न बघता म्हणाले, "बिनाकडीचं काई बाहेर जात नाई आपल्या इथून." आणि उठून, गुडघे चोळत, पूजेचं ताट आणायला निघून गेले.

मी रडले. खरं सांगते, आनंदानं रडले. मला काय कळत होतं पाट्यातलं? मला एवढंच कळलं की म्हातारा आज शेडमध्ये आला. प्रमोदचा चेहरा मात्र मला तेव्हा वाचता आला नाही. तो हसत होता आणि त्याच वेळी त्या कडीकडे असा बघत होता, जसं आपण झोपलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघतो. मग पूजा झाली, माळ पडली आणि हत्यारं बंद झाली.

संध्याकाळी एकमेकांना सोनं देऊन झालं, गाव पालथं घालून घरी आलो, तेव्हा ओट्यावर बसून त्यानं मला सांगितलं. पाणी दिलेल्या पाट्यावर वेल्डिंग मारत नाहीत. टाका एवढासा असला तरी तिथलं पाणी उतरतं आणि पाट्याला तिथूनच तडा जातो. हे मामाजींना माहीत नव्हतं का? उलट त्यांनीच प्रमोदला लहानपणी शिकवलेलं. ट्रकच्या पाट्याला वेल्डिंग करून द्या म्हणून आलेल्या माणसाला ते फाटकातूनच परत पाठवायचे. पण विमानाचा पाय पाट्याचा आहे, हे त्यांना कसं कळणार? पांढऱ्या रंगाखाली काय आहे ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि यानं कधी सांगितलं नव्हतं.

मग कापून टाका ती कडी, मी म्हटलं. तो म्हणाला, कापून उपयोग नाही, पाणी तर उतरलं. पायच नवा करावा लागेल. म्हणजे परत पाटा आणा, घासा, पाणी द्या, आणि आबा विचारतील काऊन. मी म्हटलं, मग सांगायचं. तो आपट्याची पानं बोटांत चुरायला लागला. "थंडीत करतो नवा. तोवर जमिनीवरच तर पळवायचं," म्हणाला. "आता कुठं आले ते. एवढ्यात नको." मला ते पटलं. त्या संध्याकाळी ते कुणालाही पटलं असतं, कारण आत मामाजी शेजाऱ्याला सांगत होते की आमच्या विमानाला अजून रंगाचा एक हात पाहिजे. आमच्या म्हणाले.

पुढच्या काही दिवसांइतकं सुख मी आयुष्यात पाहिलं नाही. मामाजी रोज शेडमध्ये. हे काय, ते काय. पंखाचं कापड बोटानं वाजवून बघायचे. पुतण्या गजू, जो वर्कशॉपमध्ये कामाला होता, त्याला बोलावून दाखवायचे, जसं काही हे सगळं त्यांच्याच डोक्यातून निघालं. प्रमोद विमानाखाली आडवा व्हायचा तेव्हा आता त्याचं बोट कडीपाशी थांबायचं. तिथे तो दोनदा पुसायचा, भिंगानं बघायचा. काही दिसायचं नाही. वरून रंग होता आणि रंगावर मामाजींच्या हातचा शेंदूर.

दिवाळीच्या आधीची सकाळ होती. शाळेला सुट्टी लागलेली. माळावर गजू धरून आम्ही चौघंच, आणि लांब कुणाच्या तरी शेतात थ्रेशर. मामाजी पहिल्यांदाच बघायला आले होते, धुतलेला सदरा घालून. प्रमोदनं विमान एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं, वळवलं. परत येताना चाकं जमिनीपासून सुटली. हातभर, फार तर दोन हात. मी मामाजींकडे बघितलं, त्यांचं तोंड उघडं होतं. मग विमान खाली टेकलं, जरा जोरात. तेवढ्या जोरानं त्या पायांना काही व्हायला नको होतं. पण डावा पाय कडीपाशी तुटला. आवाज अगदी बारीक झाला, वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसा. पंख मुरमात रुतला, विमान गर्रकन फिरलं, नाकावर उभं राहिलं आणि उलटलं.

प्रमोद वाचला. कमरेचा खुबा आणि मांडी यांचा मात्र चुरा झाला. गजूनं आणि मी त्याला काढलं. मामाजी धावत आले आणि मध्येच खाली बसले, त्यांना पुढे येताच येईना. गाडीत घालताना प्रमोदनं माझं मनगट पकडलं. मला वाटलं पाणी मागतोय. "तो तुकडा आबाले दिसू देऊ नको," म्हणाला. तेवढंच.

मामाजी त्याच्यासोबत दवाखान्यात राहिले. मी घरी आल्यावर गजूला सांगून सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं, पंखापासून इंजिनापर्यंत. तो तुकडा मी स्वतः, पोत्यात गुंडाळून, त्या भंगाराच्या गाडीच्या तळाशी टाकला. लिंबू वाळून काळं झालं होतं पण दोरा तसाच होता. मामाजींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, खड्डा होता. खड्ड्यात चाक गेलं.

पण मामाजी कारागीर माणूस. खड्ड्यानं त्यांचं समाधान होईना. खड्डा तर ट्रॉलीलाही लागतो, आणि त्यांची ट्रॉली तुटत नाही. विचार करून करून त्यांनी निकाल लावला की पोराचं काम कच्चं होतं. पट्टी बारीक घेतली. आपल्याला विचारलं असतं तर जाड घ्यायला सांगितली असती. प्रमोद काठीनं चालायला लागला, वर्कशॉपमध्ये आला, उंच स्टुलावर बसून वेल्डिंग करता येतं म्हणाला. मामाजींनी त्याला खिडक्यांच्या जाळ्या दिल्या. फाटकं दिली. एक्सल दिला नाही. हूक दिला नाही. ज्यावर वजन येतं असं काहीच दिलं नाही. गिऱ्हाइकांसमोर, सरळ तोंडावर, गजूला सांगायचे: "त्याच्याजवळ नको देऊ. त्याच्या हातचं टिकत नाई." आणि प्रमोद मान खाली घालून जाळी जोडत राहायचा. ज्या माणसानं नटा-नटावर लाल रेघ ओढली होती तो! माझ्या अंगाची लाही व्हायची. हळूहळू गिऱ्हाईकच म्हणायला लागलं, गजूभाऊ आहेत का? नसतील तर उद्या येतो.

एकदा मी प्रमोदशी भांडले. म्हटलं, आता पुरे, मी सांगणार. मी आज जेवताना सांगणार. एवढा हुशार कारागीर जाळ्या जोडत म्हातारा होणार आणि लोक म्हणणार बापाचा हात पोरात उतरला नाही. प्रमोद शांतपणे म्हणाला, "माह्यं नाव गेलं त गेलं. त्यायले हे समजलं त ते कडी लावणं सोडतीन. मंग दिवसभर काय करतीन ते?"

बाहेर मामाजी नव्या ट्रॉलीला कडी लावत होते. मी तो निळा उजेड बघत उभी राहिले आणि मला त्यांचा राग आला, भयंकर राग आला, आणि मग त्या रागाचीच कीव आली. नातेवाइकांकडे गेलं की कुणीतरी विचारायचंच, नेमकं झालं काय होतं? आम्ही दोघं एकाच सुरात म्हणायचो, खड्डा होता. इतक्या वेळा म्हटलं की कधी कधी मला तो खड्डा दिसतो. त्या माळावर खड्डा नव्हता. प्रमोदनं प्रत्येक खडा हातानं वेचला होता.

लोकांना वाटतं, माणूस खोटं बोलला की त्याला कधीतरी हलकं वाटतं किंवा जड तरी वाटतं. आमचं तसं काही झालं नाही. आमचं खोटं घरातल्या एखाद्या आजारी माणसासारखं होतं. त्याची उठबस करायची, त्याच्या वेळा सांभाळायच्या, त्याच्यामुळे कुठे मुक्कामी राहायचं नाही. प्रमोदचा आणि माझा सगळा संसार त्या एका गोष्टीभोवती हळूहळू बोलायला शिकला.

आज सकाळी गजूनं हत्यारं मांडली. प्रमोदनं पूजा केली, खाली बसता येत नाही म्हणून उभ्यानंच. झेंडू या वर्षी बारीक आला आहे, पावसानं कुजला म्हणतात. पूजा झाल्यावर मी त्याला म्हटलं, आता तरी सांगू या लोकांना. आता दुखावणारं कोणी राहिलं नाही. तो म्हणाला, गेलेल्या माणसाच्या माथी मारू का आता? आणि काठी घेऊन सोनं द्यायला शेजारी निघून गेला. मी पुन्हा मान खाजवत ओट्यावर बसले.

मामाजींचे शेवटचे दिवस घरीच गेले. उन्हाळ्याचे, खिडकीवर ओलं पोतं टांगलेले दिवस. बोलणं कमी झालं होतं पण डोकं अगदी ताळ्यावर होतं. एका दुपारी त्यांनी प्रमोदला जवळ बोलावलं. तो पलंगाशी खुर्ची ओढून बसला आणि मी पायांना तेल चोळत होते. त्यांनी प्रमोदचा हात घेतला, उलटा केला, तळव्यावरचे जुने भाजल्याचे डाग अंगठ्यानं चाचपले.

"माहीच चूक हाय लेका," म्हणाले. "म्या तुले नीट शिकोलं नाई. लोकायच्या पोट्ट्यायले शिकोलं, तुले शिकवाचं राहून गेलं. म्हून तुटलं तुह्यं."

माझे हात थांबले. ज्या दोषापासून आम्ही त्यांना इतकी वर्षं वाचवलं, तो फिरून दुसऱ्या दारानं त्यांच्यापाशी येऊन बसला होता. प्रमोदचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगेल. मला वाटलं, सांगू नये. मला वाटलं, सांगावं.

"नाई आबा," तो म्हणाला. "तुमी चांगलंच शिकोलं."

"मंग तुटलं काऊन?"

ते वाट बघत होते. खरोखर उत्तर पाहिजे होतं त्यांना.

"खड्डा होता, आबा."

मामाजींनी त्याचा हात हळूच त्याच्याच मांडीवर ठेवून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"खड्डे त असतेच लेका," म्हणाले. "खड्ड्यासाठीच त बनोते पाय."